जुनी गाडी स्वतः रंगवताना : परवडणाऱ्या प्रायमरची आणि रंगाची निवड

ऐरोलीत आमच्या इमारतीपासून दहा-पंधरा मिनिटे पश्चिमेकडे चालत गेले की ठाण्याची खाडी लागते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला त्या खाऱ्या, दमट हवेची किंमत दोन-तीन पावसाळ्यांत मोजावी लागते : दारांच्या खालच्या कडेला रंग फुगतो, नखाने उचकटला तर पोपडा निघतो आणि आतून तपकिरी भुकटी सांडते. माझ्या जुन्या, पांढऱ्या, छोट्या गाडीचे असे झाले, तेव्हा रबाळ्याच्या बाजूला एका गॅरेजात पूर्ण रंगकामाचा भाव विचारला. मिस्त्रींनी सांगितलेला आकडा ऐकून मी त्याची फोड मागितली आणि ती मागितली हे बरे झाले, कारण त्यात रंग, प्रायमर, थिनर अशा मालाचा वाटा जेमतेम एक तृतीयांश होता. बाकीचे पैसे घासणे, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरणे आणि पुन्हा घासणे यांच्या मजुरीचे होते. हे कष्ट रविवारी आपले आपण घेता येतात, हे उघड होते. माल कोणता घ्यावा, हे मात्र तितके उघड नव्हते, आणि त्या अज्ञानापोटी माझे एक दार आणि एक बॉनेट दोनदा रंगवावे लागले.

त्यानंतर ती गाडी पूर्ण झाली, मेहुण्यांची स्कूटर झाली, आणि माझे मत असे बनले, की वरच्या रंगात बरेच पैसे वाचवता येतात, मजुरीत त्याहून जास्त वाचतात, पण प्रायमर आणि थिनर या दोन जागी वाचवलेले पैसे वर्षाच्या आत व्याजासकट परत जातात. खालची सगळी चर्चा या एका हिशेबाभोवती आहे.

आधी गाडीवर काय आहे ते ओळखावे

दुकानात जाण्यापूर्वी दोन वस्तू हाताशी घ्याव्यात : एक लोहचुंबक आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेला पांढऱ्या कापडाचा बोळा. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून गाडीच्या अंगावरून फिरवावा. तो जिथे चिकटत नाही तिथे एक तर प्लास्टिक आहे, ॲल्युमिनियम आहे किंवा जुन्या अपघातानंतर भरलेली जाडजूड लांबी आहे. मेहुण्यांच्या स्कूटरचा पुढचा मडगार्ड पत्र्याचा असेल असे आम्ही दोघेही धरून चाललो होतो. चुंबक लावल्यावर तो प्लास्टिकचा निघाला. प्लास्टिकवर, विशेषतः बंपरच्या पॉलिप्रॉपिलीनवर, साधा प्रायमर धरत नाही. त्यासाठी प्लास्टिक प्रायमर म्हणून मिळणारा, पकड आणणारा पातळ पारदर्शक हात आधी द्यावा लागतो.

बोळ्याची परीक्षा रंगासाठी आहे. भिजवलेला बोळा रंगावर अर्धा मिनिट दाबून धरावा आणि मग घासावा. रंग विरघळून फडक्याला लागला, तर वर लॅकर, म्हणजे नुसते थिनर उडून सुकणारा रंग, आहे. रंगाला सुरकुत्या पडल्या किंवा तो मऊ होऊन उचलला गेला, तर तो सिंथेटिक इनॅमल, म्हणजे ऑइल पेंट, आहे. काहीच झाले नाही, तर कारखान्यातला भट्टीत भाजलेला मूळ रंग आहे किंवा नंतर कोणी हार्डनर (रंग पक्का करणारे रसायन) घातलेला रंग मारलेला आहे. ही परीक्षा प्रत्येक दारावर, बॉनेटवर आणि मडगार्डवर वेगवेगळी करावी, कारण जुन्या गाडीचे प्रत्येक अंग एकाच हाताने रंगवलेले असेलच असे नाही. दाराच्या आतल्या चौकटीवरची परीक्षा फसवी असते. ती जागा सहसा कोणी पुन्हा रंगवत नाही.

या परीक्षेवर पुढची सगळी खरेदी अवलंबून आहे. इनॅमलवर एनसी लॅकर मारला, तर त्याचे जहाल थिनर खालच्या थराला फुगवते आणि रंग भाजलेल्या पापडासारखा उठतो. उलट दिशेने, म्हणजे चांगल्या सुकलेल्या लॅकरवर इनॅमल मारल्यास, सहसा त्रास होत नाही. हार्डनर घातलेल्या, पूर्ण पिकलेल्या थरावर जवळपास काहीही बसते, फक्त तो घासून खरखरीत केलेला असावा.

आता सर्वांत स्वस्त प्रायमरविषयी, जो विकत घ्यावा लागत नाही. कारखान्यात गाडीची उघडी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवली जाते आणि विजेच्या प्रवाहाने तो प्रायमर सांधेकोपऱ्यांतही चिकटवला जातो. मग भट्टीत साधारण १६० ते १८० अंशांना तो भाजला जातो. असा थर घरी देणे कोणालाही शक्य नाही. म्हणून जिथे मूळ रंग घट्ट आहे, फक्त फिका पडला आहे, तिथे तो खरवडून पत्रा उघडा करण्याचा उत्साह आवरावा. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने त्याची चमक मारून त्यावरच रंगवावे. पत्रा उघडा करायचा तो फक्त गंजलेल्या जागी, आणि तिथेही जुन्या रंगाची कड इतकी उतरती घासावी की नख फिरवले तर पायरी लागू नये. माझ्या गाडीचा उघडा पडलेला पत्रा शेवटी एक चौरस मीटरसुद्धा भरला नाही, त्यामुळे महागातला प्रायमर घेऊनही खर्च आटोक्यात राहिला.

घासताना पाणी वापरावे, ते केवळ धूळ बसावी म्हणून नव्हे. घरगुती आणि शोभेच्या रंगांमधील शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घातली. वाहनांचे रंग त्या नियमांच्या कक्षेत येत नाहीत, आणि जुन्या पिवळ्या, लाल रंगांत शिसे असण्याची शक्यता धरून चालावी. अपवाद लांबीचा आहे : पॉलिस्टर लांबी पाणी पिते, ती कोरडीच घासावी आणि तेव्हा नाकातोंडावर मास्क असावा.

काउंटरवरची भाषा

जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशी-तुर्भ्याकडे रंगाच्या दुकानात गेलात, की पहिला प्रश्न येतो : “साहेब, ड्यूको पाहिजे की ऑइल पेंट?” ड्यूको हे मुळात ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीच्या १९२० च्या दशकातल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचे नाव, आपल्याकडे ते स्प्रे गनने मारण्याच्या लॅकरचे सर्वनाम होऊन बसले. ऑइल पेंट म्हणजे सिंथेटिक इनॅमल, जो खिडकीच्या ग्रिललाही लावतात. तिसरा प्रकार दुकानदार ‘पीयू’ (पॉलियुरेथेन) किंवा ‘टू-के’ म्हणतात : त्यात रंगाचा एक डबा आणि हार्डनरची वेगळी बाटली असते. आणखी एक शब्द जपून ऐकावा, तो म्हणजे ‘लांबी’. एकाच शब्दात ट्यूबमधली किंवा छोट्या डब्यातली एनसी पुट्टीही येते आणि हार्डनर मिसळून भरायची पॉलिस्टर पुट्टीही येते. पहिली ओरखडे आणि टाचणीएवढी भोके बुजवण्यासाठी आहे. ती जाड भरली तर आत ओली राहते आणि महिनाभराने बसते, म्हणजे तिथे खळगा दिसू लागतो. पोचे भरायला दुसरीच लागते.

प्रायमर

रेड ऑक्साइड सगळ्यांना ठाऊक आहे, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो आणि सर्वांत स्वस्त आहे. डब्यावर आयएस २०७४ हा क्रमांक असेल, तर तो रेड ऑक्साइड-झिंक क्रोम प्रकारचा, ठरलेल्या प्रमाणकाचा प्रायमर समजावा. नुसता तांबडा रंग असलेला कोणताही डबा त्या तोडीचा नसतो. क्रोमेट शरीराला घातक आहे, त्यामुळे हा थरही ओलाच घासावा. टेम्पोचा हौदा, चासी, मडगार्डची आतली बाजू, कॅरिअर अशा कामांना हा प्रायमर आणि वर सिंथेटिक इनॅमल ही जोडी पुरेशी आहे आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. पण दोन बंधने पाळावीत. त्यावर ड्यूको मारू नये, कारण हा प्रायमरही इनॅमलसारखाच अल्किड (तेल मिसळलेल्या राळेच्या) जातीचा असल्याने ड्यूकोच्या थिनरने उठतो. आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर तो लावू नये : अल्किडमधले तेल आणि जस्त यांच्यात दमट हवेत साबण बनण्याची क्रिया होते आणि काही महिन्यांत रंग पोपड्यांनी सुटतो. अलीकडच्या अनेक गाड्यांची बाहेरची अंगे अशा पत्र्याची असतात.

करड्या रंगाचा एनसी प्रायमर सर्फेसर हा गॅरेजवाल्यांचा आवडता माल आहे. दहा-पंधरा मिनिटांत सुकतो, घासायला लोण्यासारखा मऊ असतो आणि बारीक ओरखडे पोटात घेतो. त्याचा दोषही त्याच गुणातून येतो. त्यात शंखजिऱ्यासारखी भुकटी भरपूर असते, त्यामुळे थर सच्छिद्र होतो आणि पाणी आत शोषले जाते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर करड्या प्रायमरमध्येच महिनोन्‌महिने फिरणाऱ्या रिक्षा आणि गाड्या दिसतात. मालकाला वाटते की पत्रा झाकला गेला, प्रत्यक्षात त्याने पत्र्यावर ओला टॉवेल पसरून ठेवलेला असतो. सर्फेसर उघड्या पत्र्यावर थेट मारू नये, आणि मारला तर त्याच आठवड्यात वरचा रंग चढवावा.

वॉश प्रायमर किंवा एचिंग प्रायमर आम्लयुक्त असतो, पत्र्याला किंचित खातो आणि अतिशय पातळ थरात घट्ट बसतो. ॲल्युमिनियमसाठी तो उत्तम आहे. मात्र त्यावर पॉलिस्टर लांबी भरू नये, कारण आम्लामुळे लांबीचा तळ नीट पिकत नाही. हे मी डब्यावर वाचले नव्हते. दुकानातून दोन्ही वस्तू एकदम आणल्या, दार घासले, वॉश प्रायमर मारला, त्यावर लांबी भरली, रंगवले आणि आठवडाभर शेजाऱ्यांना दाखवले. तिसऱ्या आठवड्यात दार जरा जोरात लागले आणि चपातीएवढी लांबी अखंड निघून पार्किंगच्या फरशीवर पडली. उलटी करून पाहिली, तर तिची मागची बाजू चिकट आणि ओलसर होती.

म्हणून उघड्या पोलादी पत्र्यासाठी माझी निवड एपॉक्सी प्रायमर ही आहे. तो दोन डब्यांत येतो, पाण्याला आणि हवेला पत्र्यापर्यंत पोचू देत नाही, त्यावर लांबी चालते आणि पूर्ण पिकल्यावर त्यावर ड्यूको, इनॅमल, पीयू यांपैकी काहीही चालते. वाहनांसाठी म्हणून विकला जाणारा एपॉक्सी प्रायमर महाग वाटला, तर एमआयडीसीतल्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या रंगाच्या दुकानात एपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर मागावा. टाक्या, पाइप आणि लोखंडी सांगाडे यांच्यासाठीचा हा माल लिटरमागे बऱ्यापैकी स्वस्त पडतो. तो थोडा भरड असतो, त्यामुळे नंतर ३२० च्या पेपरने घासून गुळगुळीत करावा लागतो, पण ते कष्ट आपलेच आहेत. दोन्ही भाग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मोजूनच मिसळावेत. ‘अंदाजाने थोडे हार्डनर जास्त’ हा शहाणपणा इथे चालत नाही. मिसळल्यावर माहितीपत्रकात सांगितला असेल तितका वेळ, बहुधा पंधरा ते तीस मिनिटे, मिश्रण तसेच ठेवावे आणि मग वापरावे. वरचा थर किती तासांपासून किती दिवसांच्या आत द्यायचा, हेही त्या पत्रकात असते. ती मुदत टळली तर पुन्हा घासल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. लहान जागांसाठी तो ब्रशने लावता येतो, ही घरी काम करणाऱ्याला मोठी सोय आहे. हातमोजे मात्र घालावेत, कारण एपॉक्सीच्या हार्डनरने कातडीला कायमची ॲलर्जी जडू शकते. एपॉक्सी उन्हात पांढरट भुकटी सोडतो, म्हणून त्यावर रंग चढवणे टाळू नये.

गंजाविषयी थोडक्यात. पत्रा चकचकीत होईपर्यंत ८० च्या पेपरने घासावा, खड्ड्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर लावावे, सांगितल्याप्रमाणे धुवून पूर्ण वाळवावे आणि त्याच दिवशी प्रायमर द्यावा. इथल्या हवेत संध्याकाळी घासून ठेवलेल्या पत्र्यावर सकाळी पिवळसर झाक आलेली असते.

वरचा रंग

इथे काटकसरीला खरोखर वाव आहे. पहिली काटकसर रंगछटेची. मेटॅलिक रंगात चमकीचे कण असतात. गनचा कोन, हवेचा दाब, हाताचा वेग बदलला की ते वेगळे बसतात आणि ढग दिसतात, शिवाय त्यावर पारदर्शक क्लिअर द्यावाच लागतो. पांढरा, काळा, लाल असा साधा रंग एकाच थरप्रकारात पूर्ण होतो, आणि पुढे ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते. गाडीचा मूळ रंग मेटॅलिक असेल आणि एखादेच दार रंगवायचे असेल, तर ते दार स्वतः घासून, प्रायमर देऊन, तयार करून रंगाऱ्याकडे न्यावे आणि फक्त वरचा हात त्याच्याकडून घ्यावा. मी दोन गॅरेजांत विचारले. एकाने नाही म्हटले, दुसऱ्याने आनंदाने होकार दिला.

सिंथेटिक इनॅमल सर्वांत स्वस्त पडतो, गन नसली तरी चालतो आणि त्यात पीयूच्या हार्डनरमधले श्वासाला घातक आयसोसायनेट नसते. टर्पेंटाइनने पातळ करून स्पंजच्या छोट्या रोलरने पाच-सहा पातळ हात दिले, मधल्या प्रत्येक दोन हातांनंतर ६०० च्या वॉटर पेपरने घासले, तर जुन्या जीपला किंवा टेम्पोला शोभेल असा पृष्ठभाग मिळतो. प्रत्येक हात रात्रभर सुकवावा लागतो, एवढा धीर हवा. बाहेरच्या वापरासाठीचा डबा घ्यावा. आयएस २९३२ हे बाह्य वापराच्या सिंथेटिक इनॅमलचे प्रमाणक आहे. तरीही उन्हात तो पीयूच्या मानाने लवकर निस्तेज होतो आणि पांढरा इनॅमल सावलीच्या भागात पिवळट होत जातो, हे आधीच स्वीकारावे.

ड्यूको भराभर सुकतो, त्यामुळे धूळ कमी बसते, चुकले तर घासून त्याच दिवशी पुन्हा मारता येते, आणि शेवटी रबिंग करून चमक आणता येते. पेट्रोल सांडले तर मात्र डाग पडतो, म्हणून दुचाकीच्या टाकीसाठी मी तो वापरणार नाही. टिकाऊपणात पीयू दोघांच्याही पुढे आहे, पण त्याविषयी वेगळे लिहिणे भाग आहे.

रंगछटा जुळवताना नुसते ‘पांढरा’ म्हणून चालत नाही. इंजिनच्या कप्प्यात किंवा दाराच्या खांबावर लावलेल्या पट्टीवर रंगाचा कोड असतो. तो दाखवून रंग मशीनवर बनवून घ्यावा आणि डब्याच्या झाकणावर थोडा लावून, सुकल्यावर, दुकानाबाहेर उन्हात गाडीशी ताडून पाहावा. ओला रंग आणि सुकलेला रंग सारखा दिसत नाही, आणि ट्यूबलाइटखाली तर काहीच खरे दिसत नाही. दोन डबे घेतले असतील, तर काम सुरू करण्यापूर्वी ते एका भांड्यात एकत्र करावेत.

डब्याची किंमत आणि चौरस मीटरची किंमत

लिटरचा भाव पाहून रंग निवडणे ही नेहमीची चूक आहे. डब्यातला बराच भाग उडून जाणारा असतो. गाडीवर उरतात ते घन पदार्थ. माहितीपत्रकात त्यांचे आकारमानाने प्रमाण टक्क्यांत दिलेले असते. एक लिटर निव्वळ घन पदार्थ एक मायक्रॉन जाडीत पसरला तर १,००० चौरस मीटर झाकतो, यावरून सोपे सूत्र निघते : टक्केवारीला दहाने गुणावे आणि हव्या असलेल्या सुकलेल्या जाडीने, मायक्रॉनमध्ये, भागावे. उत्तर येते ते एका लिटरमध्ये किती चौरस मीटर, हे.

समजा, गाडीचे रंगवायचे अंग ८ चौरस मीटर आहे आणि ५० मायक्रॉन जाडी हवी आहे. २५ टक्के घन पदार्थांचा ड्यूको लिटरमागे ५ चौरस मीटर देईल. गनमधून निम्मा रंग हवेत जातो असे धरले, तर अडीच. म्हणजे सव्वातीन लिटर रंग आणि जवळपास तेवढेच थिनर. ५० टक्के घन पदार्थांचा पीयू, हार्डनर मिसळून, त्याच हिशेबाने लिटरमागे ५ चौरस मीटर देईल, म्हणजे दीड लिटरच्या जरा वर, सुमारे १.६ लिटर पुरतील. डबा दुप्पट महाग असला तरी बिल जवळपास सारखे येते. स्प्रे कॅनचे गणित याहून वाईट आहे, कारण ४०० मिलिलिटरच्या कॅनमध्ये मोठा वाटा दाबाच्या वायूचा आणि थिनरचा असतो. आरशाचे कव्हर, स्कूटरचा मडगार्ड, चाकाची तबकडी एवढ्यासाठी कॅन ठीक आहे. अख्खे दार कॅनने रंगवणे हा महागडा मार्ग आहे.

थिनर आणि हवा

एनसी थिनर ज्या दिवशी सर्वांत स्वस्त घेतले, त्या दिवसाची गोष्ट. जूनचा पहिला आठवडा होता, पाऊस अजून आला नव्हता, पण आभाळ भरलेले होते. बॉनेटवर काळा ड्यूको मारला. दोन मिनिटे आरसा दिसला आणि मग डोळ्यांदेखत त्यावर पिठाची चाळण फिरवावी तशी पांढरी झाक चढली. कारण नंतर समजले. जहाल आणि झटपट उडणारे थिनर उडताना पत्र्याची उष्णता ओढून घेते, पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूखाली जातो, ओल्या रंगावर पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात आणि लॅकर तिथल्या तिथे साकळतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. फक्त चार अंशांची सवलत. तीच आर्द्रता ५० टक्के असेल, तर दवबिंदू १८ च्या आसपास उतरतो. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम असावा आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी, हा रंगकामाचा रूढ नियम आहे. ड्यूकोसाठी मी त्याहून कडक राहतो. ठाणे आणि नवी मुंबईत हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी अकरानंतर सुरू करून चारपूर्वी संपवावे. थेट उन्हात तापलेल्या पत्र्यावरही मारू नये, थराची वरची साय आधी सुकते आणि आतले थिनर फुगे काढून बाहेर येते. अगदीच अडले असेल, तर थिनरमध्ये रिटार्डर मिसळावे, म्हणजे ते सावकाश उडते.

बिनशिक्क्याच्या कॅनमधले थिनर गन धुवायला वापरावे, रंगात घालू नये. रंग ज्या कंपनीचा, त्याच कंपनीने त्या रंगासाठी सांगितलेले थिनर घेणे ही उधळपट्टी नाही. पीयूच्या बाबतीत तर एनसी थिनर अजिबात चालत नाही : त्यात बहुधा अल्कोहोल असते, ते हार्डनरशी स्वतःच संयोग पावते आणि रंग मऊच राहतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी दर तासाला तळाच्या तोटीतून सोडावे आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावावा. पहिल्यांदा तोटी उघडल्यावर जे तांबूस पाणी येते, ते पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

पीयूच्या हार्डनरविषयी

या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते फुप्फुसात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही झटका आणते. त्यांना वासावरून ओळखता येत नाही, म्हणून कोळशाच्या डब्यांचा मास्क कधी निकामी झाला हे कळत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि बंदिस्त बूथ हीच योग्य सोय आहे. बुडाशी कळ दाबून आत हार्डनर सोडण्याचे जे टू-के स्प्रे कॅन मिळतात, त्यांनाही हेच लागू आहे. सोसायटीच्या स्टिल्टखाली, जिथे वर लोकांच्या खिडक्या आणि बाजूला विजेच्या मीटरची खोली असते, तिथे पीयू मारू नये. खरे तर ड्यूकोही तिथे मारू नये, कारण थिनरच्या वाफा पेट घेतात आणि उडालेली भुकटी शेजाऱ्यांच्या गाड्यांवर बसते. मी महापे येथे ओळखीच्या माणसाचा गाळा दोन दिवस भाड्याने घेतला. ते भाडे धरूनही खर्च गॅरेजच्या भावाच्या निम्म्याखाली राहिला. पीयूचाच टिकाऊपणा हवा असेल, तर मघाशी सांगितल्याप्रमाणे तयार गाडी बूथ असलेल्या रंगाऱ्याकडे न्यावी.

हार्डनर हवेतल्या बाष्पानेही बिघडते. बाटली गढूळ झालेली असेल किंवा तळाशी खडे दिसत असतील, तर दुकानदार कितीही सवलत देवो, घेऊ नये. उघडलेली बाटली आपल्या हवेत पुढच्या मोसमापर्यंत टिकत नाही, म्हणून लागेल तेवढीच लहान बाटली घ्यावी. उत्पादनाची तारीख रंगाच्या डब्यावरही पाहावी.

रंग बदलायचा असेल तर

गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदीतील तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. त्यामुळे त्याच रंगात रंगवत असाल तर प्रश्न नाही; वेगळा रंग द्यायचा असेल, तर एमएच-०४ च्या गाडीसाठी ठाण्याच्या आणि एमएच-४३ च्या गाडीसाठी नवी मुंबईच्या परिवहन कार्यालयातून आधी परवानगी घ्यावी आणि नंतर नोंद बदलून घ्यावी. विमा कंपनीलाही कळवावे. जुन्या जीपला सैनिकी हिरवा रंग देण्याचा मोह अनेकांना होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे तो ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे.

सगळे सामान आणल्यावर थेट गाडीवर सुरुवात करू नये. भंगारवाल्याकडून एक पत्र्याचा तुकडा आणून त्यावर प्रायमर, लांबी, सर्फेसर, रंग असा पूर्ण क्रम करून पाहावा, आठवडाभर गच्चीवर ठेवावा आणि मग ब्लेडने बारीक चौकटी कापून त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढावी. चिकटपट्टीसोबत रंग आला, तर कोणत्या थरापासून सुटला ते पाहावे. चूक तिथेच असते. रंग झाल्यावर उरलेला रंग काठोकाठ भरेल अशा लहान काचेच्या बाटलीत ओतून, रंगाचा कोड आणि तारीख लिहिलेली पट्टी चिकटवून ठेवावी. माझी बाटली डिकीत टूलकिटशेजारी असते आणि गेल्या वर्षी पार्किंगच्या खांबाला घासलेला मागचा कोपरा तिच्यातल्याच रंगाने झाकला आहे.